गिरणीच्या रांगेत एक गाडी

आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको: गाडी परत आली. दुसऱ्या गाडीला दोर बांधून नाही, टेम्पोत घालून नाही, स्वतःच्या चाकांवर आली. नाशिकहून सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर आम्ही बॅटरीच्या गाडीतून गेलो आणि दुसऱ्या दिवशी परतलो. हे कळल्यापासून भिशीतल्या बायका, दोन पुतणे आणि कारखान्याशेजारचा चहावाला, सगळे एकच विचारतात, "मध्येच बंद नाही ना पडली?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

गाडी आमची नाही, रुचाची. रुचा म्हणजे आमची मुलगी. कामासाठी ती महिनाभर परदेशी गेली आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, नुसती उभी ठेवू नका. मोबाइलसारखी रात्री लावायची, सकाळी काढायची. पेट्रोल नाही, ऑइल नाही, आवाज नाही, काही नाही." हे 'काही नाही' ऐकून तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. तो तिला दिसला नाही, मला दिसला.

त्याचं कारण अंबडमध्ये आहे. तिथे आमचं प्रेसशॉप आहे. लोखंडी पट्ट्या कापायच्या, वाकवायच्या, त्यांना भोकं पाडायची, हे काम. वीस वर्षं आम्ही मुख्यतः एकच वस्तू बनवतो: मोटारीचा सायलेन्सर खालून धरून ठेवणारं ब्रॅकेट. नऊ माणसं कामाला आहेत. बॅटरीच्या गाडीला सायलेन्सर नसतो. शेजारच्या शेडवाल्याला आमची जागा हवी आहे. दिवाळीपासून तो विचारत होता आणि या प्रवासानंतरच्या सोमवारी त्याला हो किंवा नाही सांगायचं ठरलं होतं. माझे यजमान विलास यांचं म्हणणं, ऑर्डरी आटायच्या आत शेड देऊन मोकळं व्हावं. माझं म्हणणं, टीव्हीवरच्या जाहिराती पाहून नऊ माणसांना घरी बसवायचं का? आधी ही गाडी खरोखर किती चालते ते बघू. शहरात कोणतीही गाडी चालते. डोंगरात जाऊन आली, तर मी मानेन.

यशवंत आमच्याकडे अठरा वर्षं प्रेसवर आहे. घर सुरगाणा तालुक्यात. दर वर्षी भात झोडून झालं की तो आम्हाला जेवायला बोलावतो आणि दर वर्षी आम्ही पुढच्या वर्षाचं सांगतो. या वर्षी मी म्हटलं, येतो. तो गुरुवारीच रजा टाकून जीपने पुढे गेला होता. शेड विकायची बोलणी त्याला आम्ही सांगितली नव्हती.

शनिवार, वणीपर्यंत

सकाळी सातला निघालो. गाडीच्या पडद्यावर बॅटरी शहाण्णव टक्के. विलास म्हणाले, "आकडा दर पाच मिनिटांनी वाचू नकोस." त्यानंतर ते स्वतःच वाचत होते.

गाडी चांगली चालते, हे पहिल्या अर्ध्या तासातच कबूल करावं लागलं. आवाज नाही. पायाखाली थरथर नाही. पुढचा ट्रॅक्टर ओलांडताना ती अशी निसटते की हात आपोआप दाराच्या मुठीकडे जातो. म्हसरूळ मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, आम्ही दोघं गाडीत हळू आवाजात बोलत होतो. वीस वर्षं आम्ही जुन्या डिझेल गाडीत एकमेकांवर ओरडत प्रवास केला. लोकांना वाटायचं भांडतोय.

बाकीच्या हुशारीबद्दल मात्र मला बोलायचं आहे. एसीची साधी कळ नाही, पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि खड्डा आला की बोट भलतीकडे पडतं. गाडीशी बोलता येतं म्हणे. मी मराठीत सांगून पाहिलं, तिने इंग्रजीत माफी मागितली. शेजारून काही जवळ आलं की ती घंटी वाजवते. दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांच्या क्रेटने भरलेले पिकअप चाललेले, बागांमध्ये घड कागदात गुंडाळलेले, बघण्यासारखी सकाळ, आणि आमची घंटी वाजतेच आहे. शेवटी एक म्हातारा बैलजोडी घेऊन शांतपणे समोरून गेला तेव्हा तर ती किंचाळलीच. बैल दचकले. म्हाताऱ्याने आत वाकून विचारलं, "काय झालं हो?" विलासनी गाडी कडेला घेतली आणि वीस मिनिटं पुस्तिका वाचून ती घंटी बंद केली.

वणीला चौऱ्याहत्तर टक्के उरले. तिथून पुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जर असल्याचं फोनवरच्या नकाशात दिसत होतं. होताच तो. त्याच्यावर गोणपाट टाकलेलं होतं आणि वर एक कोंबडी बसली होती.

"महिना झाला," हॉटेलवाला म्हणाला. "माणूस येतो येतो म्हणतो. चहा घ्या तोवर."

"तोवर म्हणजे?"

"तो येईस्तोवर," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

चहा घेतला. चांगला होता. पण परतीच्या चार्जिंगचा आमचा हिशेब त्या कोंबडीखाली राहिला. आता पाड्यावरच कुठेतरी गाडी लावायला हवी होती. रुचाने घरच्या प्लगला लावायची वायर डिकीत ठेवली होती, तेवढाच आधार.

शनिवार दुपार, पाडा

घाट चढताना आकडा भराभर उतरला, अठ्ठावन्नवर आला. मग उतार लागला आणि विलासनी माझ्या दंडाला हात लावला. "मंगल, बघ." आकडा साठ झाला होता. उतारावर चाकं फिरतात त्याची वीज परत बॅटरीत जाते, हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. वरून खाली येताना भरत जाणारी टाकी मी पहिल्यांदा पाहिली. चांगल्या यंत्राकडे बघावं तसे विलास त्या आकड्याकडे बघत होते, आणि त्यात दुखणंही होतं.

बोरगावच्या पुढे रस्त्याकडेला बायका द्रोणात स्ट्रॉबेरी विकत होत्या. दोन द्रोण घेतले. आमच्याकडे मॉलमध्ये मिळते ती मोठी आणि पांचट असते. ही बोराएवढी, पण तोंडात टाकल्यावर कळतं की आपण फळ खातोय.

शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता. एका ओहोळात दगडावर गाडीचं पोट दणकन आपटलं. गाडी पुढे चालत राहिली. यशवंतच्या अंगणात पोचलो तेव्हा सत्तेचाळीस टक्के. जाताना निम्म्याहून जास्त गेली, म्हणजे आहे तेवढ्यावर घाट चढून परत जाणं शक्य नव्हतं.

यशवंत आणि त्याची बायको पारूबाई दारातच उभे होते. मी पहिल्यांदा गाडीचं काम काढलं, जेवण नंतर. चार्जिंगचं झाकण उघडलं, "ही इथून खाते," असं पारूबाईला सांगितलं आणि वायर ओट्यावरच्या प्लगला लावली. वायरला मध्ये एक डबा असतो, त्यावर लाल दिवा.

"अर्थिंग नाही," विलास म्हणाले. घराला अर्थिंग नसेल तर ही वायर वीज घेतच नाही. ते योग्यच आहे, पण त्या क्षणी ते मला पटलं नाही.

"गिरणीत हाय ना," यशवंत म्हणाला. "चिंतामणच्या. त्याचं अर्थिंग पक्कं हाय, दर आठवड्याला मीठपाणी घालतो त्याच्यात. चला, विचारून येऊ."

आम्ही तिघं चालत गिरणीवर गेलो. चिंतामण पिठाने पांढरा झालेला, पन्नाशीचा माणूस. एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला जीप दुरुस्त करायचा खड्डा, दोन्ही त्याचेच. त्याने अट घातली: गिरणीची मोटर चालू असताना व्होल्टेज पडतं, म्हणून पाचला गिरणी बंद झाल्यावर गाडी लावायची. ठरलं.

परत आलो तर गाडीची पूजा झालेली होती. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, झेंडूचं फूल, पुढच्या चाकाजवळ नारळाचं पाणी. पारूबाईने सगळं नीट आवरून चार्जिंगचं झाकणसुद्धा बंद करून ठेवलं होतं.

"नवी गाडी पहिल्यांदा दारात आली," ती म्हणाली. "तुम्ही नाशिकला केली का नाय, कुणाला ठावं."

केली नव्हती. रुचाला दुकानात किल्लीबरोबर केक दिला होता. मी नुसतं "बरं केलंत" म्हटलं. आम्हीही दसऱ्याला प्रेसला कुंकू लावतोच.

मग जेवण. नव्या तांदळाचा भात, सालीसकट उडदाची दाट आमटी, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या भाकरी आणि खुरासणीची म्हणजे कारळ्याची काळी चटणी. आमच्याकडे भात म्हणजे पोळी संपल्यावर घ्यायचा घास. इथे भात मध्ये असतो आणि बाकी सगळं त्याच्या भोवती. विलासनी तीनदा भात घेतला, तेव्हा पारूबाई मला म्हणाली, "घरी जेवायला देत नाय का यांना?"

"देते. पण तिथे मोजून देते, डॉक्टरने सांगितलंय."

"डाक्टर सुरगाण्याचा नसंल," ती म्हणाली आणि चौथा वाढला.

शनिवार संध्याकाळ, गिरणी

पाचला मोटर थांबली. विलासनी गाडी गिरणीच्या दारात आणली. डब्यावर हिरवा दिवा लागला, अर्थिंग खरंच पक्कं होतं. मी वायरचं टोक गाडीत खुपसलं. टक् असा जो आवाज यायला हवा, तो आला नाही. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की चार्जिंग होऊ शकत नाही, दुकानाशी संपर्क साधा. फोनला रेंज नव्हती.

काढून परत घातलं. गाडी कुलूप लावून उघडली. विलासनी घातलं, यशवंतने घातलं, मग चिंतामणने हात पुसून घातलं. नाही. पाड्यावरची अर्धी माणसं जमली.

"आमच्या जीपमध्ये बाटलीनं डिझेल वतता येतं," एकजण म्हणाला.

"हिच्यात वीज वता की," दुसरा म्हणाला. "चिंतामण, आण बाटली!"

सगळे हसले. विलासही हसले, आणि ते हसणं ऐकून मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. दोन महिन्यांत इतका मोकळा चेहरा मी पाहिला नव्हता. यशवंतचाही तसाच. आणि खरं लिहायचं तर मलाही आतून बरं वाटलं. एवढ्या वर्षांचा गाजावाजा, एवढा पैसा, आणि एका पाड्यावर येऊन अडकली. म्हणजे अजून दहा वर्षं तरी लोकांना सायलेन्सर लागतील. सोमवारी शेजाऱ्याला नाही सांगता येईल.

हे बरं वाटणं मला आवडलं नाही. आपल्या मुलीने हौसेने घेतलेली गाडी बंद पडावी म्हणून तीन पोक्त माणसं मनातून खूश होत होती. शिवाय ती पडली तर घरी कसं जायचं, हा प्रश्न होताच. अंधार पडायला लागला तसं चिंतामण म्हणाला, "सकाळी खड्ड्यावर घेऊ. दगड लागला व्हता म्हणता ना, खालून एखादी वायर तुटली असंल." आम्ही मुक्कामाच्या तयारीनेच आलो होतो. यशवंतच्या घरी शेकोटी होती आणि भरपूर पांघरुणं. झोप लागली.

रविवार, खड्डा

सकाळी सातला गाडी खड्ड्यावर. जीपखाली शिरायला केलेला तो लांब चर, कडेला दगडी पायऱ्या. चिंतामण टॉर्च घेऊन आधी उतरला, मग विलास, मग यशवंत. मीही साडी खोचून उतरले. वीस वर्षं मी प्रेसशॉपमध्ये माल तपासते. गाडीचं पोट मला बघायचं होतं.

"शेठ, कायबी तुटलं नाय," चिंतामण म्हणाला. "पत्र्याला वरखडा हाय, बस." मग तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "पण पाइप कुठंय? इंजिन कुठंय? नुसता ट्रंक बांधलाय."

खरंच, पेटीसारखी मोठी चपटी बॅटरी पोटाला बांधलेली होती. सायलेन्सर नव्हता. सायलेन्सरच्या जागी आम्ही तिघं बघत राहिलो. जिथे आमचं ब्रॅकेट असतं, तिथे गुळगुळीत पत्रा.

मग यशवंतने हात वर केला आणि बॅटरीच्या कडेला एका पट्टीवर बोट ठेवलं.

"वहिनी, ही बघा."

इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पट्टी, दोन भोकं, एका भोकाला लांबट खाच. त्याने बोट पुढे नेलं. तशीच दुसरी. वायरींचा जाड दोर जात होता, त्याला दर हातभर अंतरावर एक पकड. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीला वेगळी. संरक्षक पत्र्याला कडेकडेने. चिंतामणचा टॉर्च मागे मागे सरकत गेला आणि यशवंत मोठ्याने मोजत गेला. एकतीसपर्यंत मोजलं आणि तो थांबला, कारण पुढे हात पोचत नव्हता.

"आपले ब्रॅकेट गाडीमागं किती लागायचे, शेठ?"

"चार," विलास म्हणाले.

"हितं एकतीस दिसले. आणिक असतील." त्याने ओठ पुसले. "हा वाक आपल्या दोन नंबर प्रेसवर बसतोय. भोकाचा फरक हाय फक्त."

"आणि जाडी," विलास म्हणाले. ते आता खड्ड्यात आहेत हेच विसरले होते. नख लावून जाडी अजमावत होते. "यातल्या काही अ‍ॅल्युमिनिअमच्या आहेत. ते आपण केलेलं नाही. डाय-साचे नवे लागतील. आणि ऑर्डर कोणी आपल्या घरी आणून देणार नाही."

"शिकलो व्हतोच ना एकदा," यशवंत म्हणाला. मग मान खाली घालून, "शेड इकू नका शेठ. शेजारचा वॉचमन बोलला मला, दिवाळीलाच."

त्याला ठाऊक होतं. दिवाळीपासून ठाऊक असून तो रोज वेळेवर येत होता, आणि त्याने आम्हाला जेवायलाही बोलावलं होतं. विलासनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण हात काळा झालेला होता, म्हणून लगेच काढला. मी वर आले.

वर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता मला ही गाडी चालायला हवी होती. काल बंद पडलेली बरी वाटत होती, आज नाही. अशा गाड्या चालल्या, पुष्कळ चालल्या, तरच त्या एकतीस पट्ट्या कुणाला तरी लागणार होत्या.

म्हणून मी तेच केलं जे कारखान्यात करते: माल बसत नसेल तर भोक बघायचं. गाडी पूर्ण बंद केली, झाकण उघडलं आणि मोबाइलचा दिवा आत मारला. सात बारीक विहिरींसारखी भोकं, प्रत्येकात एक धातूची काडी. त्यातल्या एकात काहीतरी लाल.

"पारूबाई," मी हाक मारली. ती कळशी घेऊन तिथूनच चालली होती. "काल गाडीच्या पूजेत अक्षता कुठे कुठे टाकल्या?"

"बोनेटवर. चाकावर." ती जवळ आली. "आणि ह्या तोंडात. झाकण उघडंच व्हतं. तुम्हीच सांगितलं ना, हितून खाती म्हणून. मग म्हणलं, खाती त्या तोंडाला पहिलं नको का?"

ओलं कुंकू लावलेले तांदूळ. आम्ही आठ-दहा वेळा वायर खुपसून ते आणखी आत ठोकून बसवले होते. पाड्यावर एवढा हशा पिकला की गिरणीत दळणाला आलेल्या बायका बाहेर आल्या. पारूबाईने पदर तोंडावर घेतला. "माझ्यामुळं रातभर अडकले हो!"

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. "झाकण उघडं टाकून मी गेले. दसऱ्याला आम्ही प्रेसवर अक्षता टाकतो, पण बटणावर टाकत नाही, एवढाच फरक."

चिंतामण स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. मी त्याला हात लावू दिला नाही. विजेच्या जागी लोखंड घालायचं नाही. बांबूची एक कामटी तासून घेतली, आणि माझ्या पिशवीतला नवा टूथब्रश. पाच दाणे निघाले. शेवटचा अगदी तळाशी, निघायला पाव तास लागला. फुंकर मारली, कोरड्या फडक्याने पुसलं. वायर घातली.

टक्.

पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली. यशवंतने टाळी वाजवली, मग विलासनी वाजवली. मग मीही.

पण आता रविवार होता, आणि गिरणीपुढे सात डबे रांगेत लागले होते. गाडी लावून ठेवली तर गिरणी बंद ठेवावी लागणार, आणि बायका भाकरीचं पीठ न घेता घरी जाणार नव्हत्या. चिंतामणने डोकं खाजवलं. एक ठेंगणी म्हातारी पुढे आली, तिने गाडीकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिचं बी दळण हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग डबा लाव रांगेत. फुकट मध्ये शिरू नको."

संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा मी आणला होता. तिळगूळ सगळ्यांना वाटला आणि रिकामा डबा आठव्या नंबरावर ठेवला. म्हातारीने तीळ चघळत माझा डबा उचलला आणि तिच्या डब्याच्या मागे, दुसऱ्या नंबरावर आणून ठेवला. "लांब जायचंय बिचारीला," ती म्हणाली. बाकीच्यांनी थोडी कुरकुर केली, पण डबे हलवले नाहीत.

म्हातारीचं नागलीचं पीठ झाल्यावर गाडीचा नंबर लागला. चिंतामणने मोटर थांबवली. सहा बायका गिरणीच्या ओट्यावर बसल्या आणि साडेचार तास आम्हाला प्रश्न विचारत राहिल्या. ही धूर काढत नाही तर श्वास कुठून घेते? पावसात शॉक लागतो का? एकीने विचारलं, आवाज नाही तर रस्त्यात बकरी बाजूला कशी होणार? तो प्रश्न मला खरोखर विचार करण्यासारखा वाटला. त्यासाठी गाडी म्हणे स्वतःच हळू आवाजात गुणगुणते. निघताना मी ती चालवून दाखवली. बकरी जागची हलली नाही.

एक वाजता ब्याऐंशी टक्के झाले. पुरे होते. चिंतामणने मोटर चालू केली आणि पट्टा फिरायला लागला.

परत

घाट चढताना आकडा जसा उतरेल असं वाटलं होतं तसाच उतरला, मग पुढच्या उतारांवर थोडा सावरला. हॉटेलवाल्याच्या चार्जरवर गोणपाट तसंच होतं, कोंबडी नव्हती. नाशिकच्या घरी पोचलो तेव्हा तेहतीस टक्के शिल्लक आणि सूर्य अजून वर. मी खाली उतरले, पाय मोकळे केले, आणि अंगातून दोन महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

विचारणाऱ्यांसाठी: गाडी सांगतात तेवढी चालत नाही, पण सांगतात त्यापेक्षा चांगली चालते. पडदा नको, साधी कळ हवी. गोणपाट न टाकलेले चार्जर हवेत. डोंगरात जायचं असेल तर जिथे जाणार तिथल्या गिरणीवाल्याशी आधी बोलून घ्या, आणि टूथब्रश बरोबर ठेवा. माझा आता डिकीतच असतो.

सोमवारी साडेनऊला शेजारच्या शेडवाल्याचा फोन आला. विलासनी फोन माझ्याकडे दिला, ते प्रेसजवळ उभे होते. मी "नाही" म्हटलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, काम आहे.

काम अजून नव्हतं. ऑर्डर नव्हती, अ‍ॅल्युमिनिअम कुठून घ्यायचं ते ठरलं नव्हतं, ज्यांना विचारायचं त्यांचे नंबरही शोधायचे होते. यशवंत पहाटेच्या जीपने निघून दहाला कारखान्यात पोचला. त्याने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. काल बायका ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा तो पुन्हा खड्ड्यात उतरला होता, आणि पट्टीवर पुठ्ठा दाबून, कडेने पेन्सिल फिरवून, कात्रीने नीट कापून आणला होता. दोन भोकं, एकाला लांबट खाच.

विलासनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. मग कपाटातून मोजपट्टी आणली.

"वाक किती अंशाचा होता रे?"

"नव्वदला थोडा कमी," यशवंत म्हणाला. "मी हातानं वाकवून दाखवू?"

"दाखव," विलास म्हणाले आणि दोन नंबर प्रेसचा दिवा लावला.